विहाराला कुलूप आणि पोरी पायरीवर

जयंती जवळ आली की वस्तीत बैठका सुरू होतात. यंदाही झाल्या. घरटी पाचशे रुपये वर्गणी ठरली. डीजे कुठला आणायचा यावर रात्री बारापर्यंत खल झाला. मिरवणुकीच्या मार्गावरून दोन गट पडले, मग चहा पिऊन एकही झाले. या सगळ्या बैठका विहारात झाल्या. त्याच महिन्यात दहावी-बारावीच्या पोरींना याच विहारात अभ्यासाला बसू दिले नव्हते.

प्रकरण एवढेच आहे. वस्तीतल्या चार पोरींनी कमिटीला विचारले, संध्याकाळी सहा ते नऊ विहार उघडा ठेवता का? उत्तर मिळाले, "पवित्र जागा आहे, तिथं दप्तरं पसरून चालायचं नाही. आणि लाईटबिल कोण भरणार?" किल्ली अध्यक्षांच्या खिशात राहिली. पोरी परीक्षा संपेपर्यंत विहाराच्या पायरीवर, खांबाच्या दिव्याखाली बसल्या. डास होते, येणारी-जाणारी टोळकी होती.

कोणी म्हणेल, घरी का नाही बसत? आमच्या घरांची रचना ठाऊक असलेला माणूस हे विचारणार नाही. एकच खोली, त्यातच गॅस, टीव्ही, म्हाताऱ्याचा खोकला आणि काही घरांत बापाची दारू. त्यातून पोरगा निसटतो. तो तालुक्याच्या अभ्यासिकेत महिन्याची फी भरून बसतो, रात्री कोणाच्या तरी मोटारसायकलवर परत येतो. पोरीला अंधार पडल्यावर कोणी तालुक्याला पाठवत नाही. आणि घरात पुस्तक घेऊन बसलेली पोरगी कोणाला अभ्यास करताना दिसतच नाही, ती रिकामी दिसते. "जरा भाकरी टाक", "बारक्याला घे", "पाणी आलंय, हंडे लाव". तासाभरात तीनदा उठावे लागते. म्हणून म्हणतो, विहाराचे कुलूप सगळ्यांना सारखे लागत नाही.

आता पावित्र्याचे बोलू. विहार हा शब्दच मुळात भिक्खूंच्या राहण्याच्या आणि शिकण्याच्या जागेचा आहे. नालंदा हे महाविहार होते, आणि तिथे दूरदूरहून लोक शिकायलाच येत. अजिंठ्याच्या लेण्यांत विहार आहेत, त्यांत भिक्खूंच्या खोल्या आहेत. पुस्तकाने विहार बाटतो ही कल्पना आपली नव्हे. ती ज्या घरातून आली, ते घर आपण 1956 साली सोडले. वर्षावासात याच विहारात तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, तेव्हा चष्मे, वह्या, पिशव्या सगळे पसरलेले असते. मग गणिताच्या वहीनेच काय पाप केले?

एक सदस्य तर म्हणाले, "पोरं-पोरी एकत्र बसली की बिघडतील." पोरी शिकल्या की बिघडतात, हे पुण्यातले सनातनी सावित्रीबाईंच्या काळात सांगत होते. आमच्या माणसाच्या तोंडी ते ऐकून लाज वाटली. पोरांची भीती असेल तर दोन आया तिथे बसवा.

आणि बाबासाहेबांचे काय? परळच्या चाळीत एक खोली, तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा. रामजीबाबा रात्री दोनला पोराला अभ्यासाला उठवत, कारण तेवढा वेळच जागा मोकळी असे. शाळेनंतर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत, तिथेच केळुस्कर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. ज्याने स्वतः बसायला जागा शोधली, त्याने पुढे काय केले तेही बघा. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये होती. पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. हा इतिहास आमचे वक्ते 14 एप्रिलला माईकवरून सांगतात, आणि त्यांच्या पाठीमागच्या दाराला कुलूप असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गावातले काही लोक हा मजकूर मोबाईलवर फिरवतील. जयंतीच्या डीजेवर नाक मुरडणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. गणपतीच्या दहा दिवसांत त्यांचे कान दुखत नाहीत, आमच्या एका दिवशीच दुखतात. आमची पोरे नाचतात त्यात चूक काही नाही, कित्येक पिढ्या मान खाली घालून चाललेल्या रस्त्यावरून ती नाचतात. आमचे भांडण घरातले आहे. ज्या वर्गणीतून डीजे येतो, तिच्यातून चार पंखे आणि दोन ट्यूबलाईटचे बिल निघत नाही, असे कोणी सांगू नये. हिशेब सगळ्यांना येतो.

वर्गणीलाही हात लावू नका म्हणत असाल तर ग्रामपंचायतीकडे चला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे जातात, हे आमच्या कमिटीने ग्रामसभेत उठून एकदाही विचारलेले आम्ही ऐकलेले नाही. बाके, दिवे, चार संदर्भ पुस्तके एवढे त्यातून सहज मागता येते. शिवाय विहाराच्या खालचे समाजमंदिर दलित वस्ती सुधार योजनेच्या पैशातून बांधलेले आहे. ती सार्वजनिक वास्तू आहे, कोणाच्या खिशातली नाही.

या कमिटीत अकरा माणसे आहेत, सगळे पुरुष. रविवारी वंदनेला निम्म्याहून जास्त बाया असतात. विहार झाडतात त्याच, फुले आणतात त्याच, खीरही त्याच शिजवतात. किल्ली मात्र त्यांच्याकडे एकदाही नसते. चार पोरींचा प्रश्न बैठकीत आला तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, ते यामुळेच.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही हा विषय पुन्हा मांडणार आहोत. मागणी दोन ओळींची आहे: विहार रोज संध्याकाळी तीन तास उघडा राहील, आणि एक किल्ली वस्तीतल्या दोन बायांकडे राहील. आयांनी यावे, पोरींना सोबत आणावे. वर्गणीची पावती घेऊन यावे, कारण पहिला प्रश्न लाईटबिलाचाच निघणार आहे.