दुपारचे चार गजर

वसईत सकाळ सहसा वाया जात नाही. पहाटे भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या स्टेशनकडे निघतात, चर्चगेटच्या गाड्या विरारहूनच भरून येतात, घरोघरी डब्यांची घाई असते. उशीर झाला तर गाडी चुकते, म्हणून सकाळला शिस्त लावावी लागत नाही. संध्याकाळही माणसं घरी परतली की मार्गी लागते. दुपारला मात्र ना गाडी, ना हजेरी. जेवण झालं की आपण ‘जरा टेकू’ म्हणून टेकतो, हातात मोबाईल येतो, डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा पाच वाजलेले असतात. डोकं जड, काम तसंच, आणि मनात दिवसभराची चुटपुट.

हे आवाहन दुपारी घरी असणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. गृहिणी, घरून काम करणारे, शिकवण्या घेणारे, परीक्षेची तयारी करणारी मुलं, निवृत्त मंडळी, सगळेच. माझं म्हणणं एवढंच आहे की उद्यापासून आपल्या दुपारला चार गजर लावा. चारच लावा, आणि गजर वाजला की उठा.

मी घरी बसून मुद्रितशोधन करते. दुपारी दोन ते तीनमध्ये वाचलेल्या पानांवर माझ्या नजरेतून चुका सुटतात, हे मला बरीच वर्षं कळत होतं. तरी मी ती पानं त्याच वेळी वाचत राहिले आणि संध्याकाळी पुन्हा वाचत बसले. आळस नव्हता, कष्ट भरपूर होते. कोणत्या वेळी काय करायचं हे ठरवणारं मात्र कुणी नव्हतं.

पूर्वी ते काम घंटा करायची. वेळेचे आपले जुने शब्दही आवाजाशी आणि भांड्याशी जोडलेले आहेत. तास म्हणजे मुळात टोल देण्याची धातूची थाळी. घटका मोजायची ती घटिकापात्राने. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती हळूहळू भरत जाऊन चोवीस मिनिटांत बुडायची. ती बुडाली की एक घटका झाली आणि तासावर टोल पडला. ‘घटका भरली’ हे आपण आजही त्यावरूनच म्हणतो.

आपल्या वसईला तर घंटेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पापडी, सांडोर, गिरीज, नंदाखाल अशा गावांतल्या कॅथलिक घरांना सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा पिढ्यान् पिढ्या ओळखीची आहे. वाडीत काम करणारा माणूस दुपारी बाराच्या टोलाला हात थांबवायचा, दोन क्षण प्रार्थना करायचा आणि मग जेवायला वळायचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा मराठ्यांनी इथल्या पोर्तुगीज घंटा नेल्या. त्यांतल्या काही भीमाशंकर, वाईजवळचं मेणवली आणि नाशिकचं नारोशंकराचं देऊळ इथे बांधल्या गेल्या. धर्म बदलला, गाव बदललं, पण लोकांना हातातलं काम थांबवून उभं करण्याचं घंटेचं काम तेच राहिलं.

त्या घंटेचे दोन गुण होते. ती ठरावीक वेळीच वाजायची, म्हणून तिला किंमत होती. आणि ती वाजली की लोक खरोखर थांबायचे. आपल्या मोबाईलमध्ये आज हवे तितके गजर लावता येतात, पण हे दोन्ही गुण आपण घालवून बसलो आहोत. दहा गजर लावतो आणि दहाही बोटाने पुढे ढकलतो.

आता गजर कुठले लावायचे ते सांगते. वेळा तुमच्या घराप्रमाणे पुढेमागे करा.

पहिला गजर जेवणाचा, समजा एकचा. हा मी मुख्यतः घरातल्या बाईसाठी सांगते आहे. सगळ्यांचं झाल्यावर, ओटा आवरल्यावर, अडीच-तीनला उरलंसुरलं खायचं ही सवय पुढची सगळी दुपार खाऊन टाकते. गजर वाजला की ताट वाढून घ्या. ओटा अर्धा तास थांबू शकतो.

दुसरा गजर वामकुक्षीतून उठण्याचा. दुपारी झोप येते याचं खापर आपण भातावर फोडतो, पण तो एकट्या भाताचा दोष नाही. साधारण एक ते तीनच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, जेवण हलकं असलं तरी तो जाणवतो. म्हणून पडावंसं वाटलं तर जरूर पडा, पण घटकाभरच. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना विमानातच चाळीस मिनिटं विश्रांतीची मुभा दिली होती. ते सरासरी सव्वीस मिनिटं झोपले आणि त्यानंतर जास्त सावध राहिले. आपली घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे जवळपास तेवढीच. झोप त्याहून बरीच लांबली की माणूस गाढ झोपेत शिरतो, आणि तिथून उठवलं की अंग आंबून जातं. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी दुपारी नुसतं डोळे मिटून पडावं.

तिसरा गजर कामाचा, अडीचच्या सुमाराचा. दुपारी एकच मुख्य काम धरा आणि ते गजराच्या नावातच लिहून ठेवा. नुसतं ‘अभ्यास’ लिहिलं तर गजर वाजल्यावर काय करायचं हा प्रश्न उरतोच. ‘गणिताची वही, उदाहरणसंग्रह चार’ असं लिहिलं की हात सरळ वहीकडे जातो. काम घटकाभर करा, पाच मिनिटं उठून पाणी प्या, पुन्हा घटकाभर बसा. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून छोट्या टप्प्यांत अभ्यास सुरू केला. त्याची ती रीत आज जगभर पोमोडोरो या नावाने, पंचवीस मिनिटांच्या टप्प्यांत चालते. आपल्या घटकेपेक्षा तो टप्पा एका मिनिटाने मोठा.

चौथा गजर थांबण्याचा. बहुतेक जण हाच लावत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यांत गरजेचा हाच आहे. थांबायची वेळ माहीत असली की मधल्या वेळात मन रेंगाळत नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक ताई ब्लाऊज शिवतात. त्यांचं गजराचं घड्याळ मशीनपलीकडच्या कपाटावर असतं. अडीचला ते वाजतं आणि बंद करायला त्यांना उठून तिथपर्यंत जावंच लागतं. परतताना हात आपोआप मशीनच्या कव्हरला लागतो. सव्वाचारला ते पुन्हा वाजतं. ताई हातातली शिवण संपवतात, सुई खाली टेकवतात, पॅडलवरचा पाय काढतात. मग उद्याच्या ब्लाऊजचं कापड, अस्तर, दोऱ्याचं रीळ आणि हुकांची पुडी एका पिशवीत घालून मशीनवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी अडीचला शोधाशोध नसते. मी चौथा गजर त्यांच्याकडून शिकले. आता सव्वाचारला उद्याचं पहिलं पान वर काढून त्यावर पेन्सिल ठेवते आणि चहा टाकते.

गजर पाळायचे तर काही पथ्यंही पाळावी लागतील. गजराचा मोबाईल हाताशी ठेवू नका, ओट्यावर किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा. गजर बंद करायला मोबाईल उचलायचा आणि व्हॉट्सअ‍ॅप बघत बसायचं, हा धोका मोठा आहे. त्यापेक्षा टेबलावरचं साधं घड्याळ कितीतरी बरं. ‘पाच मिनिटांनी पुन्हा’ ही सोय बंदच करून टाका. गजर चाराचे आठ करू नका. रुग्णालयांत यंत्रांचे गजर सतत वाजत राहिले की अनुभवी परिचारिकांचेही कान त्यांना सरावतात आणि खरा इशारा निसटतो, हे वैद्यकीय जगाला चांगलं ठाऊक आहे. तिथे तसं होत असेल तर आपल्या घरात का होणार नाही? औषधाच्या गोळीचा गजर मात्र या चारांत धरू नका. तो वेगळ्या आवाजाचा आणि स्वतंत्र असू द्या. घर एका खोलीचं असेल, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असेल, तर आवाज बंद करून नुसती थरथर ठेवा. आणि जे स्वतः रात्रपाळी करतात, त्यांची दुपार त्यांच्या उठण्यापासून मोजावी.

गजर पाळणं जमणार नाही असं वाटत असेल, तर कुकर आठवा. तिसरी शिट्टी झाली की आपण असू तिथून उठून गॅस बंद करतो. त्या वेळी अंगात आळस नसतो, कारण भात लागेल हे माहीत असतं. दुपार वाया गेली की करपल्याचा वास येत नाही, एवढाच फरक. नुकसान होतंच.

हे एकट्याने करण्यापेक्षा घराने मिळून ठरवलं तर सोपं जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असंच केलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला, आणि साडेआठला पुन्हा भोंगा. अख्ख्या गावाने मनावर घेतलं म्हणून ते जमलं. आपल्याला गाव हलवायचं नाही, घरातल्या चार माणसांना सांगायचं आहे. आईचा कामाचा गजर वाजला की पुढचा तासभर तिला हाक मारायची नाही. मुलाचा अभ्यासाचा गजर वाजला की टीव्हीचा आवाज बंद. एकमेकांच्या गजराचा मान राखणं, एवढंच करायचं.

दोन-तीन दिवस चुकतील. पाहुणे येतील, पाणी अवेळी येईल, वीज जाईल. एक गजर हुकला तर पुढचा पाळा, अख्खी दुपार सोडून देऊ नका. रविवारी चारही बंद ठेवा.

उद्या दुपारी बाराच्या सुमाराला चर्चची घंटा ऐकू आली, थोड्या वेळाने मशिदीतली अजान ऐकू आली, किंवा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजलेले दिसले, तर पाच मिनिटं काढा. चार वेळा ठरवा, चार गजर लावा, तिसऱ्याला कामाचं नाव द्या आणि मोबाईल ओट्यावर ठेवून द्या. मग एकचा गजर वाजला की सगळ्यात आधी ताट वाढून घ्या.