मोठ्या छऱ्याचा भ्रम

अमेरिकेत वसंत लागला की रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि त्याबरोबर एक जुने मत पुन्हा डोके वर काढते. पक्षी मोठा, म्हणून छरा मोठा हवा. छरा मोठा, म्हणून काडतूसही सर्वांत लांब हवे. हे मत चुकीचे आहे. त्याची किंमत शिकारी मोजत नाही. जखमी होऊन झुडपांत निघून जाणारा आणि पुढे कुणाच्याच हाती न लागणारा पक्षी ती मोजतो. म्हणून त्याचा परामर्श घेणे भाग आहे.

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडतो. रानटर्कीचा प्रौढ नर आठ ते दहा किलोंचा असतो आणि त्याच्या छातीवर पिसांचा जाड थर असतो. गोल छरा हवेत झपाट्याने वेग गमावतो. लहान छरा लवकर मंदावतो, मोठा जरा उशिरा, हेही खरे. मग ४ नंबरचा किंवा त्याहून मोठा छरा भरलेले साडेतीन इंची बारा बोअरचे काडतूस का नको, असा प्रश्न येतो. जोडीला बदकांच्या शिकारीचा दाखला दिला जातो. पाणपक्ष्यांसाठी शिशाचा छरा १९९१ पासून देशभर बंद झाला, पोलादाचा छरा आला, आणि शिकाऱ्यांनी छऱ्याचा आकार वाढवला. तिथे जे योग्य ठरले ते इथे का ठरू नये?

या युक्तिवादाचा पायाच डळमळीत आहे. टर्कीच्या छातीवर बार टाकायचाच नसतो. लक्ष्य असते डोके आणि मान. मेंदू अक्रोडाएवढा, मानेचा कणा बोटाएवढ्या जाडीचा. तिथे जाड पिसे नाहीत, जाड मांसही नाही. तेव्हा प्रश्न एकेक छरा किती जोरात बसतो एवढाच नाही. त्या चिंचोळ्या जागेत पुरेशा जोराचे किती छरे पोहोचतात, हा आहे.

आता हिशेब पाहा. छऱ्याचा नंबर वाढतो तसा आकार लहान होतो. शिशाच्या ४ नंबरचे एका औंसात सुमारे १३५ छरे बसतात, ५ नंबरचे सुमारे १७०, ६ नंबरचे सुमारे २२५. म्हणजे दोन औंसांच्या बारात ४ नंबरचे २७० आणि ६ नंबरचे ४५०. छऱ्यांचा फैलाव अंतराबरोबर वाढत जातो आणि त्यात पडणाऱ्या फटीही वाढतात. छरे मुळात कमी असतील तर चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, त्या फटीत टर्कीचे डोके सहज मावते. मोठ्या छऱ्याचा जोर तेव्हा शिल्लक असतो, पण तो हवेतून निघून जातो. एखाद-दुसरा छरा भलत्या जागी लागला की पक्षी जखमी होऊन पळतो.

बदकांचा दाखलाही लागू पडत नाही. पोलादाची घनता सुमारे ७.८, शिशाची ११ च्या पुढे. हलक्या धातूला जोर टिकवण्यासाठी आकार वाढवावाच लागतो. ती पोलादाची गरज होती, तिला सार्वत्रिक नियम मानणे हा तर्कदोष आहे. लांब काडतुसाचेही तसेच. त्याचा धक्का खांद्याला असह्य होतो, चाप ओढताना माणूस आपोआप दचकतो आणि नेम सरकतो. शिवाय मोठा छरा दूरवर धोकादायक राहतो. हिरव्या-करड्या कपड्यांत झाडाला पाठ लावून मादीचा आवाज काढत बसलेला दुसरा शिकारी त्याच रानात असू शकतो. अनेक राज्यांनी छऱ्याच्या आकाराला वरची मर्यादा घातली आहे, ती योग्यच आहे.

याचा अर्थ छरा जितका बारीक तितका चांगला, असाही नाही. शिशाचा साडेसात नंबरचा छरा चाळीस यार्डांवर हाड फोडण्याइतका जोर राखत नाही. नव्या टंगस्टनच्या छऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची घनता सुमारे १८. वेग सारखा धरला तर गोल छरा किती खोल जाईल, हे मुख्यतः घनता आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरते. शिशाचा ५ नंबरचा छरा ०.१२ इंचाचा, टंगस्टनचा ९ नंबरचा ०.०८ इंचाचा. गुणाकार जवळजवळ सारखा येतो, टंगस्टनचा किंचित जास्तच. शिवाय टंगस्टनचे हे छरे औंसाला सुमारे ३६० बसतात. म्हणूनच आता वीस बोअरची हलकी बंदूकही या कामाला पुरते. मात्र याच गुणाच्या बळावर साठ-सत्तर यार्डांवर बार टाकण्याची जी फुशारकी चालते, ती मोठ्या छऱ्याच्या भ्रमाचीच नवी आवृत्ती आहे. तेवढ्या अंतरावर अंदाज चुकतो, मध्ये फांदी येते, पक्षी मान हलवतो. धातू बदलला म्हणून माणसाचा डोळा बदलत नाही.

मग योग्य काय? शिसे वापरायचे तर ५ किंवा ६ नंबर, टंगस्टन वापरायचे तर ९ नंबर. आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात, जिथे २०१९ पासून शिकारीसाठी शिसे पूर्ण बंद आहे, तिथे शिसेविरहित काडतूसच. पण अंतिम निर्णय कागदाने द्यावा. प्रत्येक नळी, प्रत्येक चोक (नळीच्या तोंडाशी असलेला आवळ भाग) आणि प्रत्येक काडतूस यांचा मेळ निराळा असतो. काडतुसाच्या डब्यावरचा दावा तुमच्या बंदुकीला बांधील नसतो. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावा, बार टाका, छरे जिथे सर्वांत दाट पडले तिथे दहा इंचांचे वर्तुळ काढा आणि आतली भोके मोजा. शंभर भरली तर ते काडतूस चाळीस यार्डांना लायक. न भरल्यास तीस यार्डांवर पुन्हा मोजा. ज्या अंतरावर शंभर भरतात, तीच तुमची हद्द. वीस यार्डांवरही एक बार टाकून पाहा. तिथे घट्ट चोकचा फैलाव इतका लहान असतो की नेम जरा चुकला तरी पक्षी पूर्ण सुटतो.

या काटेकोरपणाला कारण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. जाळ्यांत पकडलेले रानटी कळप नव्या रानांत सोडून तो परत आणला गेला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून वन्यजीव संवर्धनाला पैसा मिळतो. म्हणजे काडतूस विकत घेणारा प्रत्येक जण या पुनरुज्जीवनाचा भागीदार आहे, आणि भागीदाराने जखमी पक्षी मागे सोडणे शोभत नाही. परवाना काढून रानात जाणाऱ्या प्रत्येकाला, त्यात तिथे स्थायिक झालेले मराठी शिकारीही आले, माझे सांगणे एवढेच: हंगामाआधी कागदावर बार मोजा, आणि कागदाने दिलेल्या हद्दीपलीकडे नर कितीही डौलात उभा असला तरी चापाला बोट लावू नका.