सोयीचा ज्यूडास

जॉन फोर्ड यांच्या 'द इन्फॉर्मर' (१९३५) या चित्रपटाचा विषय निघाला की 'अपराधभावाची सनातन शोकांतिका' हा शब्दप्रयोग हमखास येतो. आरंभीच पडद्यावर ज्यूडासचा उल्लेख असल्याने त्याला आयता आधारही मिळतो. आमचा आक्षेप या 'सनातन'ला आहे.

चित्रपट सांगतो : डब्लिन, १९२२. रस्त्यांवर ब्रिटिशांचे 'ब्लॅक अँड टॅन्स' गस्त घालतात आणि जिपो नोलन वीस पौंडांसाठी आपला मित्र फ्रँकी मॅकफिलिप याची खबर त्यांना देतो. वस्तुतः ब्रिटिशांशी युद्धविराम जुलै १९२१ मध्येच झाला होता. तहावर त्याच डिसेंबरात सह्या झाल्या. १९२२ हे आयरिश माणसाने आयरिश माणसावर बंदूक रोखल्याचे साल. तपशिलाची ढिलाई म्हणून हे सोडून देता आले असते, मूळ कादंबरी समोर नसती तर. लायम ओ'फ्लॅहर्टी यांच्या १९२५ च्या कादंबरीत पोलीस आयरिश राज्याचेच आहेत, फ्रँकीने केलेला खून शेतमजुरांच्या संपातला आहे, आणि संघटनेचा पुढारी गॅलाहर हा सत्तेची चटक लागलेला क्रूर माणूस आहे. जानेवारी १९२२ मध्ये बेकारांना घेऊन डब्लिनच्या रोटंडा इमारतीवर लाल बावटा फडकवणाऱ्या लेखकाची ही कादंबरी. चळवळ आतून कशी कुजते, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

फोर्ड आणि पटकथाकार डडली निकल्स यांनी शत्रू बदलला, आणि संघटना एका फटक्यात निर्दोष झाली. गॅलाहर फ्रँकीच्या बहिणीचा सभ्य प्रियकर झाला. सारे पाप उरले एका अवाढव्य, मंदबुद्धी, भुकेल्या देहावर. तो देह व्हिक्टर मॅकलॅग्लेन यांनी असा उभा केला आहे की त्यांच्या ऑस्करविषयी आमची तक्रार नाही. काठीने टेबलावरून पुढे सरकवलेल्या त्या नोटा तर विसरताच येत नाहीत. पण त्या वीस पौंडांचा हिशोब कितीजण करतात? अमेरिकेच्या बोटीचे भाडे माणशी दहा पौंड. म्हणजे जिपो आणि रस्त्यावर उभी राहणारी त्याची केटी, या दोघांची तिकिटे. चांदीच्या तीस नाण्यांच्या झगझगाटात हा हिशोब दिसेनासा होतो.

आणि जिपोला संघटनेने आधी काढले का? चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली असता एका 'टॅन'ला गोळी घालणे त्याच्याने झाले नाही, म्हणून. दया दाखवल्यामुळे उपाशी पडलेला माणूस उपासापायी फितूर होतो! चित्रपट हा प्रश्न स्वतःच उपस्थित करतो आणि धुक्यात सोडून देतो. (त्या धुक्याच्या छायाचित्रणावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत.) पुढे केटी त्याच्या जिवाची भीक मागायला गॅलाहरकडे जाते आणि बोलता बोलता त्याचा ठावठिकाणा सांगून बसते. या खबरीनेही माणूस मरतो. 'खबऱ्या' हे नाव मात्र एकट्या जिपोला चिकटते.

अखेरीस चर्चमध्ये फ्रँकीची आई जिपोला क्षमा करते. या प्रसंगाने गहिवरणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. जिपोला गोळी घालणाऱ्यांना मात्र कोणाचीच क्षमा मागावी लागत नाही, हे त्या गहिवरात कोणाला खटकते काय?

ज्यूल्स दासँ यांनी १९६८ च्या 'अपटाइट'मध्ये हीच कथा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या क्लीव्हलंडमध्ये, कृष्णवर्णीय क्रांतिकारकांत नेली. फितूर होतो तो एक बेकार पोलाद कामगार. माध्यमांतर शिकवताना हा चित्रपट आणि ओ'फ्लॅहर्टी यांची कादंबरी फोर्ड यांच्या शेजारी ठेवावी, आणि 'सनातन' हा शब्द तासाच्या शेवटी उच्चारून पाहावा.