न्यूट्रिनोची भीती आणि डोंगराचे प्रश्न

तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात पोट्टीपुरम गावालगतच्या डोंगरात भूमिगत न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. जानेवारी 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज होता सुमारे 1500 कोटी रुपये. ती वेधशाळा झाली नाही. का झाली नाही, याचे एक उत्तर सुशिक्षितांच्या तोंडी बसले आहे: अडाणी गावकऱ्यांनी भीतीपोटी आणि पुढाऱ्यांनी मतांसाठी विज्ञान बुडवले. हे उत्तर अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यात ते लोकांवर अन्याय करते.

भीती खोटी होती, यात शंका नको. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होईल, बोगद्यात अणुकचरा पुरला जाईल, अशा वावड्या उठल्या. वास्तविक सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला सहा हजार कोटींहून अधिक संख्येने आरपार जातात आणि आपल्याला कसलीही इजा होत नाही. वेधशाळा न्यूट्रिनो निर्माण करणार नव्हती, वातावरणात निर्माण होणारे टिपणार होती. ते पदार्थाला इतके क्वचित धडकतात की त्यांना पकडायला 50,000 टन लोखंडाचे यंत्र लागते, आणि इतर कण अडवायला वर किलोमीटरभर खडक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ब्रिटिश व जपानी सहकाऱ्यांसह 1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत असे न्यूट्रिनो टिपले होते. किरणोत्सर्गाचा बागुलबुवा ज्यांनी उभा केला, त्यांनी पोट्टीपुरमचेच नुकसान केले, कारण त्या गदारोळात गावाचे खरे प्रश्न कुणाला ऐकूच आले नाहीत.

ते प्रश्न वेगळे होते. चराईच्या जमिनीला कुंपण पडले, आता गुरे कुठे न्यायची? डोंगरात सुरुंग लागले तर झरे आणि विहिरी टिकतील का? काढलेला लाखो टन दगड कुठल्या रस्त्याने जाणार? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कणभौतिकीत नाही. न्यूट्रिनो निरुपद्रवी आहे, हे शंभरदा सांगूनही विहिरीचा प्रश्न तसाच राहतो.

राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2017 मध्ये पर्यावरण परवानगी स्थगित केली, ती न्यूट्रिनोला घाबरून नव्हे. केरळातील मथिकेट्टन शोला राष्ट्रीय उद्यान या जागेपासून पाच किलोमीटरच्या आत येते. त्यामुळे अर्जाची छाननी अधिक कडक वर्गात व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला त्या कामाची अधिकृत मान्यता नाही, हाही आक्षेप होता. पुढे मार्च 2018 मध्ये केंद्राने ‘विशेष बाब’ म्हणून परवानगी दिली. नियमाने जे मिळाले नाही ते विशेष म्हणून मिळाले, की ज्याला आधीच संशय आहे त्याचा संशय पक्का होतो. 2022 मध्ये तमिळनाडू सरकारने वाघांचा वावर आणि पश्चिम घाटाचे कारण सर्वोच्च न्यायालयापुढे मांडून प्रकल्पाला ठाम नकार दिला.

‘आम्ही लोकांना समजावण्यात कमी पडलो,’ असे म्हणणाऱ्या सज्जनांशीही माझा वाद आहे. समजावणे म्हणजे उत्तर आधीच ठरलेले असणे. लोकांना हवा होता धोक्याचा हिशेब. उदाहरणार्थ, वेधशाळेच्या यंत्रातल्या काचेच्या शोधकांत जो वायू भरायचा होता त्याचा बहुतांश भाग रेफ्रिजरेटरमध्ये वापरला जाणारा आर-134ए हा वायू, शिवाय थोडा आयसोब्युटेन आणि किंचित सल्फर हेक्झाफ्लोराइड. पहिला आणि तिसरा जबरदस्त हरितगृह वायू आहेत, आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहे. वायू पुन्हा पुन्हा वापरणारी बंदिस्त यंत्रणा शास्त्रज्ञांनी योजली होती. म्हणजे धोका होता आणि त्यावर उपायही होता. ‘धोका शून्य’ म्हणण्यापेक्षा हे सांगणे कितीतरी अधिक विश्वासाचे झाले असते.

वेधशाळा व्हायलाच हवी होती, असे मी ठामपणे मानतो. चीनने ‘जुनो’ या आपल्या न्यूट्रिनो वेधशाळेचे बांधकाम 2015 मध्येच सुरू केले आणि 2025 मध्ये तिथे निरीक्षणे सुरू झाली. न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम लावणे, हा आपण हाती घेतलेलाच प्रश्न तिथे सुटतो आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे: जनतेच्या पैशाच्या संशोधनात धोक्याचा अभ्यास प्रकल्पाच्या पैशातून, प्रकल्पाने निवडलेल्या संस्थेकडून होऊ नये. पहिल्या सुरुंगाआधी विहिरींची पातळी मोजून ती स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत लावावी आणि पाणी घटले तर भरपाई कोण देणार, हे लेखी द्यावे. आणि हे सगळे मिळाल्यावरही कुणी खोट्या किरणोत्सर्गाच्या नावाने अडवू लागला, तर सरकारने मतांचा विचार न करता त्याला ठाम विरोध करावा.

हीच कसोटी आता आपल्याकडेही लागणार आहे: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे हे यंत्र जमिनीच्या हादऱ्यांना अतिशय संवेदनशील असते. आसपासच्या दगडखाणी, खडी क्रशर, जड वाहतूक यांवर पुढे काही बंधने येणार का, आली तर किती अंतरापर्यंत, आणि ज्यांचा रोजगार जाईल त्यांचे काय, हे औंढ्याच्या परिसरातल्या गावांना आताच, ग्रामसभेत, मराठीत आणि लेखी मिळाले पाहिजे.