पगारवाढीला हवा कामाचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉपांत आणि शिरोली, गोकुळ शिरगाव येथील लहान फाउंड्रींत पगारवाढ बहुधा दिवाळीच्या तोंडावर, मालकाच्या शब्दावर ठरते आणि वर्षभरात घेतलेली उचल वजा झाल्यावर तिच्यातले हाती फारसे उरत नाही. वाढ कशाबद्दल मिळाली किंवा का नाकारली गेली, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

मुळात दोन वेगळ्या गोष्टींची येथे गल्लत होते. किमान वेतनात मूळ वेतनाबरोबर मिळणारा विशेष भत्ता, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी बदलणारी महागाईची भरपाई, कायद्याने द्यावीच लागते. ती देऊन कौशल्याचेही देणे फिटले असे मानणे हा कामगारावर अन्याय आहे.

खरी वाढ साच्यापाशी कमावली जाते. वाळूत ओल जास्त राहिली, साचा कमी ठोकला गेला किंवा कोअर, म्हणजे ओतीव नगात पोकळी राहावी म्हणून बसवलेला वाळूचा गाभा, किंचित सरकला, की नग बाद होतो. त्याचे लोखंड पुन्हा भट्टीत घालता येते, पण जळालेली वीज, वाया गेलेली मजुरी आणि ग्राहकाला दिलेली तारीख परत मिळत नाही. मुठीत वाळू दाबून तिची ओल ओळखणारा मोल्डर शंभरांमागे बाद होणारे आठ नग चारवर आणत असेल, तर वाचलेल्या पैशांतला वाटा मागण्याचा त्याचा हक्क निव्वळ ज्येष्ठतेच्या हक्काहून भक्कम ठरतो. मात्र वाळूच निकृष्ट आली किंवा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घडवतात तो नमुना, झिजलेला असला, तर तो दोष त्याच्या माथी मारता कामा नये. म्हणूनच रिजेक्शनची वही कारणासह लिहिली जावी आणि ती मालक आणि कामगार दोघांनाही पाहता यावी.

लघुउद्योजकाची अडचण खोटी नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने 45 दिवसांची मर्यादा घालूनही मोठ्या खरेदीदारांकडे बिले अडकतात. तरीही तयार झालेला मोल्डर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत निघून गेला, तर नवा हात घडेपर्यंत होणारे नुकसान नाकारलेल्या वाढीहून मोठे असते.

स्मॅक आणि गोशिमा या उद्योजक संघटनांनी कामगार प्रतिनिधींना सोबत घेऊन मोल्डिंग, कोअर, भट्टी आणि फेटलिंग, म्हणजे नगावरील जादा धातू घासून काढण्याचे काम, यांसाठी कौशल्याच्या पायऱ्या व प्रत्येक पायरीची वाढ सांगणारा नमुना तक्ता येत्या दिवाळीआधी सदस्यांच्या हाती द्यावा.