घरातली माँटेसरी : आक्षेप आणि उत्तरे

माँटेसरी पद्धत घरी चालत नाही असे म्हणणारे पहिले बोट साहित्याकडे दाखवतात. गुलाबी मनोऱ्याचे १ ते १० सेंटिमीटरचे दहा घन, दट्ट्यांच्या चार पेट्या, खरखरीत अक्षरे हे सगळे विकत घ्यायचे तर खिशाला चाट बसते. किमतीपुरता आक्षेप खरा. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा महागड्या साहित्याचा प्रश्न होताच. तो शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपासच्या वस्तूंनी सुटला. अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचले.

साहित्य का उपयोगी पडते हे कळले, की त्याचा बाऊ उरत नाही. मनोऱ्याचे सगळे घन एकाच रंगाचे असतात, कारण मुलाचे लक्ष फक्त आकारमानावर राहावे. पेटीतला एक दट्ट्या मोठ्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्ट्या कुठेच बसत नाही. चूक झाली हे कोणी सांगावे लागत नाही. एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणे मुलापुढे ठेवली तरी हेच घडते. चुकीचे झाकण दाबून पाहणे, ते घसरणे, दुसरे उचलणे आणि सगळी बसली की पुन्हा उघडून पहिल्यापासून सुरुवात करणे, यात अर्धा तास सहज जातो. बटण दाबताच गाणे म्हणणारे ‘शैक्षणिक’ खेळणे इथेच फसते, कारण त्यात चुकायला वावच नसतो.

मुलाला मोकळे सोडल्याने शिस्त बिघडते, हा दुसरा आक्षेप पद्धतीच्या अर्धवट ओळखीतून येतो. काम निवडण्याची मोकळीक आहे, फेकाफेकीची नाही. आणि उचललेली वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. ताटात दोन पेले ठेवून आधी मूगडाळ, हात बसल्यावर पाणी ओतायला द्यावे. सांडले तर फडके शेजारीच असावे. खरी परीक्षा मोठ्यांची असते. ‘राहू दे, मी पुसते’ हे चार शब्द गिळणे बहुतेक घरांत साहित्य मिळवण्यापेक्षा अवघड जाते.

पुरस्कर्त्यांचाही एक दावा खोडायला हवा. ही पद्धत म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाला लिहिते-वाचते करण्याची जवळची वाट नव्हे. खरखरीत अक्षरावरून बोट फिरवण्याआधी मटार सोलणे, गुंड्या लावणे, राजमा आणि हरभरे वेगळे करणे यांतून बोटे तयार व्हावी लागतात. हा क्रम उलटवून वही पुढे सरकवणाऱ्या घराने भिंतीवर माँटेसरीचे नाव लिहिले तरी तिथे जुनीच घोकंपट्टी चालू असते.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत उघडलेल्या पहिल्या बालगृहापासून या पद्धतीत वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र वावरतात. धाकटी थोरल्यांचे पाहून शिकतात. एकुलत्या मुलाला घरात हे मिळत नाही. शेजारची, नात्यातली मुले नियमितपणे जमली तर ही उणीव काहीशी भरून निघते. उरलेल्या भागासाठी बालवाडीच लागते.