जुन्या कॉम्प्रेसरचे तेल

कळमेश्वर भागातील एखाद्या शेतकरी गटाने आपल्या जिनिंगसाठी जुना स्क्रू कॉम्प्रेसर घेतला, म्हणजे त्यात ट्रॅक्टरचेच इंजिन तेल ओतण्याचा मोह होतो. ही काटकसर नव्हे. या यंत्रात तेल केवळ वंगण नसते. फिरत्या मळसूत्रांमधील फट तेच बुजविते आणि दाबलेल्या हवेची उष्णताही तेच वाहून नेते. हवेतील बाष्पाचे आत पाणी होते. इंजिन तेलातील मळ धरून ठेवणारी द्रव्ये ते पाणीही धरून ठेवतात, आणि बेअरिंगे गंजतात. पावसाळ्यात हा धोका विशेष.

अनेक यंत्रांना आयएसओ ४६ जाडीचे कॉम्प्रेसर तेल चालते; तथापि निर्मात्याची पुस्तिकाच प्रमाण मानावी. नागपूरचे ऊन पाहून मनाने अधिक जाड तेल घालू नये.

खरी अडचण निराळीच आहे. आत पूर्वीचे कोणते तेल आहे, हे किंमत ठरविण्याआधी विचारावे. पॉलिग्लायकॉल जातीच्या तेलात खनिज तेल मिसळल्यास चिकट गाळ होऊन नळ्या तुंबतात. उत्तर न मिळाल्यास, यंत्र बंद करून दाब पूर्ण उतरल्यावर जुने तेल काढावे, फिल्टर व विभाजक बदलावे, आणि नव्या तेलाची पहिली भरणी थोडे तास चालवून काढून टाकावी. तेवढा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.